तारेचं वजन

९ जानेवारी २०२४, बेळगाव

ही वही तेजस्वीनं दिली. वडगावातल्या तिच्या वडिलांच्या यंत्रमाग सोसायटीनं वाटलेली, वर साडीचं चित्र, आत दिवसाला एक पान. म्हणाली, "लॅबच्या वहीत तू मनातलं लिहितेस आणि सर लाल पेन चालवतात. मनातलं इथं लिही." खोटं नाही. परवा आकड्यांखाली मी "आज जीव नकोसा झाला" असं लिहिलं होतं. सबनीस सरांनी त्याच्याखाली लिहिलं, "एकक?"

आम्ही दोघी सबनीस सरांकडे पीएचडी करतो. ती बॅटरीवर, मी फ्युएल सेलवर. माझं चौथं वर्ष लागलं.

काल निपाणीहून येताना काडीचं पोतं आणलं. तंबाखू मळून चाळली की चाळणीवर उरते ती काडी. फेकतात, नाहीतर चुलीत जाते. आईनं तीस वर्षं वखारीत ती चाळणी हलवली. कंडक्टर म्हणाला, "बायकास्नी तिकीट फुकट हाय, पोत्याला न्हाय." पोत्याचं तिकीट काढलं. मग सगळी बस खोकत बेळगावला आली आणि लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तंबाखूचा शोध लावला.

ही काडी मी धुते, लोखंडाचा क्षार मिसळते, हवा लागू न देता नऊशे अंशावर भाजते. काळी भुकटी होते. आईनं विचारलं, ह्याचं करतीस काय? मी सांगितलं, "हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की पाणी होतं आणि वीज मिळते. पण ऑक्सिजन आळशी आहे. त्याला ढोसायला मुकादम लागतो. आजवर तो मुकादम प्लॅटिनम. लई महाग. मी काडीलाच मुकादम करणार."

आई म्हणाली, "मुकादम कशाचा बी कर, वंगाळच निघतुया."

किती व्होल्टला ऑक्सिजन कामाला लागतो तो आकडा, जितका जास्त तितका मुकादम चांगला. प्लॅटिनमचा आकडा ०.८६. माझ्या काडीचा ०.६७. सर म्हणतात ०.८० च्या खाली पेपर नाही आणि पेपरशिवाय थिसिस नाही. म्हणजे माझी सगळी पदवी त्या मधल्या बोटभर जागेत अडकली आहे.

२ फेब्रुवारी

आज माझ्या हातून ग्रॅफाइटची कांडी पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. ॲसिडच्या भांड्यात एका बाजूला माझी भुकटी लावलेली कांडी असते आणि समोर विजेचा फेरा पुरा करायला ही ग्रॅफाइटची. तिच्याशिवाय काम ठप्प.

सर चिडले नाहीत, हे नवल. "नवी मागवायची तर खरेदी समिती जूनशिवाय बसत नाही. स्टोअरमधून प्लॅटिनमची तार घे. चालतं." सरांची स्वतःची पीएचडी निकेलच्या मुलाम्यावर. उद्यमबागेतल्या कारखान्यांतले निम्मे मुलामावाले त्यांचे विद्यार्थी. ॲसिडात काय बुडवावं हे त्यांना नाही विचारायचं तर कुणाला?

स्टोअरला रवळू आप्पा. कंग्राळीचे, दोन वर्षांत रिटायर होतील. तार देताना त्यांनी रसायन विभागाचा चार आकडी काटा मागवला, तारेला चिमट्यानं उचललं, वजन केलं, मग शाळेतल्या पट्टीनं लांबी मोजली. वहीत लिहिलं: २.६१८४ ग्रॅम, तेवीस सेंटीमीटर. दोन सह्या.

"आप्पा, लांबी कशाला?"

"कोन तुकडा कापून घेतलं तर? मागं एक प्लॅटिनमची वाटी गेल्ती. माझी दोन इन्क्रिमेंटं गेली तिच्यापायी. सोन्यागत जपा मॅडम. हे सोनंच हाय, पांढरं."

फुटलेली कांडी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. आईची सवय माझ्यात उतरली आहे, काही टाकवत नाही.

२३ फेब्रुवारी

०.८३!

पुन्हा लिहिते, ०.८३. आधी नेहमीसारखा ०.६७ आला होता. विजेचा दाब वर-खाली करत पाचशे फेऱ्या चालवल्यावर ०.७४. हजार झाल्यावर ०.७९. आज दोन हजार पुऱ्या झाल्या. जगातले सगळे कॅटॅलिस्ट, म्हणजे असले मुकादम, वापरून झिजतात, माझा वापरून सुधारतो. काडी ती काडीच, तिला घासलं की चमकते.

सरांना आलेख दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग भांड्याजवळ गेले, तार बाहेर काढून बोटांत फिरवली. "ही तारच वापरतेस ना?"

"हो सर."

"बरं. काही बदलू नकोस."

इतकंच. शाबासकी द्यायला जीभ जड आहे त्यांची, पण डोळ्यांत मला दिसलं. बाप गेल्यापासून माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. बाहेर येऊन तेजस्वीच्या गळ्यात पडून रडले.

१४ एप्रिल

जयंतीला निपाणीत. आईनं गल्लीत सांगून ठेवलंय की पारमितानं काडीतनं लाइट काढली. मिरवणुकीत एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, "मग बिल येनार न्हाय व्हय?"

२२ जुलै

आज बीएस्सीच्या मुलांचं तांब्याचं प्रॅक्टिकल घेतलं. दोन पट्ट्या, निळं पाणी, वीज. आधी वजन, नंतर वजन. एकीचं घटतं, समोरचीचं वाढतं. दरवर्षी कुणीतरी विचारतं, घटलं ते गेलं कुठं, आणि दरवर्षी मी तेच उत्तर देते. कंटाळा आला आहे या प्रॅक्टिकलचा. मला माझ्या भांड्याकडे जायचं असतं.

११ सप्टेंबर

पेपर स्वीकारला! पहिलं नाव माझं. मसुदा मी केला होता, पण प्रयोगपद्धतीचा भाग सरांनी स्वतः नव्यानं लिहिला. "तुझं इंग्रजी अजून वखारीतच आहे," असं म्हणाले. मी पण हसले. मोठा माणूस एवढा वेळ काढतो, एखादा शब्द बोलला तर बोलला.

सगळ्या विभागाला कुंदा वाटला. रवळू आप्पांनी दोनदा घेतला आणि विचारलं, "तार जपून हाय न्हवं?" या माणसाच्या डोक्यात दुसरं काही नाही.

१७ नोव्हेंबर, निपाणी

आज सत्कार झाला. तंबाखू व्यापाऱ्यांनी ठेवला होता, तोही त्याच वखारीच्या आवारातल्या सभागृहात. शेठ माइकवर म्हणाले, "ही आमच्या वखारीची लेक." आई तिसऱ्या ओळीत बसली होती. तिचं नाव शेठना ठाऊक नव्हतं, चिठ्ठीवरून वाचलं, तेही 'बायडाबाई'चं 'बायजाबाई' झालं. सर अर्धा तास बोलले. पुढचा मोठा प्रकल्प मंजूर होतोय असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

खरं लिहायचं ते पुढंच आहे. निघताना आवाराच्या गेटपाशी आई थांबली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

मला आधी कळेना. मग कळलं. वखार सुटली की गेटवर बायकांची झडती व्हायची, कुणी पदरात मूठभर तंबाखू नेते का बघायला. तीस वर्षं, रोज. वखार सोडून सात वर्षं झाली तरी त्या गेटपाशी तिचे हात आपोआप वर गेले. वॉचमन हसला, "जावा मावशी, आता कसली झडती?" आईनं हात खाली घेतले, पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता पुढं गेली. माझ्या गळ्यात हार होता. तो काढून मी पिशवीत कोंबला.

तिला घरी म्हटलं, "आता तुला कुणी हात वर करायला लावणार नाही."

"कोन लावलं गं? मीच केलं," ती म्हणाली.

१९ मार्च २०२५

वर्षअखेरची मोजदाद. तार परत द्यायला गेले. उगाच गेले असं लिहिणार होते, पण नियमच आहे, जायला लागलंच असतं.

आप्पांनी पट्टी लावली. "तेवीस. बरोबर." मग काटा. मग चष्मा काढून पुसला. पुन्हा काटा. मग पेटीतलं ठरावीक वजन ठेवून काटाच तपासला. तिसऱ्यांदा तार.

"मॅडम, दोन पॉइंट पाच सात पाच दोन."

"म्हणजे?"

"म्हंजे त्रेचाळीस मिलिग्राम कमी."

"धूळबीळ असेल तेव्हा."

"धुळीचं एवडं वजन? तोडली असती तर लांबी घटली असती. लांबी हाय तितकीच हाय." ते थांबले, मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्याकडं बायका पाटल्या उजळायला द्यायच्या. सोनार ॲसिडात बुडवून द्यायचा. पाटली तशीच दिसायची ओ. वजन तेवडं घटायचं."

"तुम्ही म्हणताय मी तार ॲसिडात धुऊन प्लॅटिनम काढून घेतलं?"

"मी काय म्हनत न्हाय. वही म्हनत्या."

आणि त्यांनी लाल शाईनं लिहिलं: तूट ०.०४३२ ग्रॅम, कारण... ती जागा रिकामी ठेवली. प्रत वर गेली. कुंदा दोनदा खाल्लेला माणूस! मी तिथंच ओरडले, त्यांना नको ते बोलले.

२१ मार्च

हॉस्टेलच्या खोलीची झडती झाली. वॉर्डन आणि ऑफिसमधल्या दोघी. नोटीस कन्नडमध्ये होती, मी वाचली, सही केली. कपाट उपसलं, उशीची खोळ काढली. कपाटात माझ्या भुकटीच्या जुन्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या. एकीनं उचलून विचारलं, "हे काय?"

"कोळसा."

शेवटी वॉर्डन अवघडून म्हणाली, "अंगावर काही... म्हणजे, फॉर्मालिटी." आणि तिनं पुरतं म्हणायच्या आत माझे हात वर गेले. कुणी शिकवलं नव्हतं मला. गेटवरचा तो वॉचमन डोळ्यांसमोर आला. मेले असते तर बरं झालं असतं.

दुपारी सरांनी बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. "दोनशे रुपयांचा माल, त्याचं काय घेऊन बसलीस? साफ करताना अपव्यय झाला असं लिहून दे. भरपाई मी करतो."

"पण सर, अपव्यय झालेलाच नाही. मी तार पाण्यानं धुवायचे, बस."

"सही केलीस की विषय संपला. नाही केलीस तर चौकशी होईल. चौकशीत लोक नको ते प्रश्न विचारतात."

नको ते म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमच्यातले, कोट्यातून, आई कुठं कामाला होती. सर मला त्यातूनच वाचवू बघताहेत. विचार करून सांगते म्हटलं. कागद माझ्याकडे आहे. पेनही हातात घेतलं होतं. सही केली तर रवळू आप्पांच्या वहीत जन्मभर मी ती असेन, जिनं तार धुतली. आणि नाही केली तर अजून काय काय असेन ते चौकशी ठरवेल.

२४ मार्च

जे झालं ते क्रमानं लिहिते.

आज तांब्याचं प्रॅक्टिकल होतं. एका मुलीनं पट्टीचं वजन केलं आणि तेच विचारलं जे दरवर्षी कुणीतरी विचारतं. "मॅम, घटलं ते गेलं कुठं?"

मी तोंड उघडलं. "समोरच्या..." आणि पुढचा शब्द आला नाही.

समोरच्या पट्टीवर.

लांबी तितकीच, वजन कमी. तार तेरा महिने ॲसिडात होती, विजेला जोडलेली, आणि तिच्या समोर माझी काडी. प्रत्येक फेरीत तार कणभर विरघळत होती आणि तो कण पाण्यातून जाऊन माझ्या भुकटीवर बसत होता. म्हणून तर आकडा वाढत होता. वापरून सुधारणारा कॅटॅलिस्ट! अगं मूर्ख बाई, वापरून त्यावर प्लॅटिनम चढत होतं. रवळू आप्पा म्हणाले ते शब्दशः खरं होतं. मी तार ॲसिडात बुडवून प्लॅटिनम काढून घेतलं. फक्त ते माझ्या पिशवीत नव्हतं, माझ्या शोधात होतं.

मुली वाट बघत होत्या. मी म्हटलं, वजन लिहून घ्या. प्रॅक्टिकल आटोपून थेट माझ्या भांड्याकडे गेले.

२८ मार्च

ड्रॉवरमधला ग्रॅफाइटचा तुकडा काढला. मापून पाहिला, लांबीला अगदी पुरेसा आहे. चौदा महिने हातभर अंतरावर पडून होता.

नवी भुकटी, नवं ॲसिड, समोर ग्रॅफाइट. तेजस्वी दोन दिवस माझ्याबरोबर बसली. पाचशे फेऱ्या, ०.६७. हजार, ०.६७. दोन हजार, ०.६६. जुन्या कांडीवरची भुकटी खरवडून धारवाडच्या लॅबमधल्या तिच्या मावसबहिणीकडे तपासायला पाठवली. आज उत्तर आलं. प्लॅटिनम आहे.

तेजस्वी म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. सही कर आणि थिसिस दे. आपण काय जगातल्या पहिल्या आहोत?" तिच्यावर राग आला नाही, कारण माझ्याही मनात पहिलं तेच आलं होतं.

मग छापलेला पेपर उघडला. स्वतःचाच पेपर, भिंतीवर पहिलं पान चिकटवलेला. प्रयोगपद्धतीचा भाग मी कधी नीट वाचलाच नव्हता, सरांनी लिहिलाय म्हणून. तिथं लिहिलंय: समोरचा इलेक्ट्रोड ग्रॅफाइटचा होता.

१ एप्रिल

सरांकडे गेले. सगळे आलेख टेबलावर ठेवले. त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत.

"सर, तुम्हाला कधी कळलं?"

"कळणं आणि सिद्ध होणं यात फरक असतो, पारमिता."

"तुम्ही ग्रॅफाइट लिहिलंत."

"तुझ्या लॅबच्या वहीत ग्रॅफाइट आहे."

"जानेवारीपर्यंत. नंतर तार तुम्हीच घ्यायला सांगितलीत. काही बदलू नकोस असं तुम्हीच म्हणालात."

"असं कुठं लिहिलेलं आहे?"

आहे. साडीचं चित्र असलेल्या वहीत, २३ फेब्रुवारीच्या पानावर, खाली 'बापा'चं कौतुकही आहे. ती त्यांना दाखवावी असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, हा माणूस त्यावरही "एकक?" लिहील.

मी म्हटलं, "निकेल मुलाम्यात, एका कांडीचा धातू समोरच्यावर चढवण्यात आयुष्य गेलं तुमचं. आलेख दाखवला त्याच दिवशी तार बोटांत फिरवलीत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

ते खुर्चीत मागं टेकले. आवाज चढला नाही त्यांचा. "प्रकल्प मंजूर झाला आहे. त्यावर आठ मुलांची फेलोशिप आहे, तेजस्वीचीही. तू दोनशे रुपयांच्या कागदावर सही कर. थिसिस जूनमध्ये जाईल, जुलैत तू डॉक्टर. नाहीतर आत्ता तू एकतर चोर आहेस, नाहीतर खोटा पेपर लिहिणारी. मधलं काही मला दिसत नाही. तुला दिसतं का?"

मला दिसलं नाही. उठून आले. 'नको ते प्रश्न' म्हणजे कुठले होते ते आता कळलं. माझ्या जातीचे नव्हते ते, त्यांच्या तारेचे होते. त्यांच्याविषयी मी किती चांगलं लिहून ठेवलंय या वहीत. ती पानं फाडणार नाही. राहू देत, माझ्या अकलेचा पुरावा म्हणून.

६ एप्रिल

आई आली. तेजस्वीनं फोन केला होता म्हणे. आधार कार्ड हातात धरूनच हॉस्टेलच्या गेटातून आत आली, बसमध्ये दाखवलं होतं ते तसंच. डब्यात भाकरी आणि झुणका. खाऊन होईपर्यंत काही विचारलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. झडतीचंही. मला वाटलं आई रडेल.

"म्हंजे काडीवर सापडलं ते," ती म्हणाली. "तीस वर्सं झडती दिली. माझ्या पदरात कदी चिमूटभर सापडलं न्हाय. तुझ्या काडीत सापडलं."

"मी ठेवलं नव्हतं गं, आई."

"मला ठाव हाय." तिनं डब्याचं झाकण लावलं. "म्हंजे काम सगळं त्यो मुकादमच करीत हुता आनि नाव काडीचं झालं, व्हय?"

"हो."

"आमच्यात उलटं हुतं. काम काडी करायची, नाव मुकादमाचं." आणि ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मलाही हसू आलं आणि मग दोघी रडलो.

जाताना मी तिला तो कागद दाखवला. सही कर किंवा करू नको, असं काही ती म्हणाली नाही. विचारलं, "ह्यावर तू चोर लिवलंय का?"

"तसं लिहिलेलं नाही. पण अर्थ तोच."

"आनि दुसऱ्या कागदावर?"

"दुसरा मीच लिहायचा. त्यावर शोध खोटा आहे असं."

"दुसऱ्या कागदावर तुजं अक्षर असंल न्हवं," ती म्हणाली आणि डबा पिशवीत भरला. पोतं आणू का असं या वेळी तिनं विचारलं नाही.

७ एप्रिल

लिहिला. मासिकाला एक, कॉलेजला एक. पेपर मागे घ्यावा, आकडे प्लॅटिनमच्या तारेमुळे आलेले आहेत, खरा आकडा ०.६७. कोणी काय सांगितलं तेही लिहिलं. वखारीतल्या इंग्रजीत.

१९ मे

चौकशी संपली. निकाल दोन परिच्छेदांचा. चोरी सिद्ध होत नाही, तूट प्रयोगादरम्यान झाली. आणि दुसरा: विद्यार्थिनीनं वापरलेल्या साहित्याची माहिती मार्गदर्शकांपासून लपवली, म्हणून नोंदणी रद्द. समितीवर सर नव्हते. त्यांचं फक्त मार्गदर्शन घेतलं होतं.

मासिकानंही कळवलं. पेपर मागे घेण्याविषयी ते मुख्य लेखकाशी, म्हणजे पत्रव्यवहार ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी, बोलले. मुख्य लेखकांनी सांगितलं की विद्यार्थिनीकडून मोजणीत चूक झाली होती, प्रयोग दुसऱ्या विद्यार्थ्याकडून पुन्हा करून घेत आहोत, तोवर थांबावं. ते थांबले आहेत. मुख्य लेखक म्हणजे कोण, हे लिहायला नको.

पहिल्या परिच्छेदासाठी मी दुसरा विकत घेतला. मी चोर नाही हे सिद्ध करायला माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं द्यावं लागलं, आणि हे सगळ्यांना अगदी रास्त वाटतंय.

२ जून

लॅबची किल्ली जमा करायला गेले होते. स्टोअरवरून जावंच लागतं. रवळू आप्पांनी हाक मारली, "मॅडम, जरा आत या."

मी दारातच उभी राहिले. त्यांनी वही काढली, मार्चचं पान उघडलं. लाल शाईची ओळ, कारणाची जागा अजून रिकामी होती. "वरनं निकाल आला. पर कारन कोन लिवलं न्हाय. मला सांगा, मी लिवतो."

"काय सांगू? तुम्हीच सांगितलं होतं. पाटली."

"न्हाय, नीट सांगा. ऑडिटला कळाय पायजे."

मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, एकेक शब्द विचारत: प्रयोगात तार विरघळली, समोरच्या कांडीवर बसली. कुणी नेली नाही. मग शिक्का मारला. ज्यांनी मला चोर ठरवलं त्यांच्याच वहीत खरं लिहिलं गेलं. कॉलेजात दुसरीकडे कुठं ते लिहिलेलं नाही.

"मी बोललो ते मनात धरू नका," ते म्हणाले. "वजन घटलं की मला बोलावंच लागतंय."

"मीही तुम्हाला नको ते बोलले, आप्पा."

जायला वळले तेव्हा त्यांनी पान झाकायचा प्रयत्न केला, पण मी पाहिलं. त्याच ओळीखाली नवी ओळ होती. प्लॅटिनम तार, एक. २.५७५२ ग्रॅम, तेवीस सेंटीमीटर. मागणी: सबनीस सर. घेणाऱ्याची सही: तेजस्वी. तारीख शनिवारची.

परवाच तिचा फोन आला होता. कशी आहेस विचारलं, मग इकडचं तिकडचं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "आईकडं काडी अजून मिळेल का गं? एकच पोतं." मला वाटलं घरच्या चुलीला हवी असेल. वडगावात आता चूल कुणाकडे आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

आप्पा म्हणाले, "द्यावंच लागलं. चिठ्ठीवर सही हाय."

"वजन नीट केलंय ना?"

"चार आकडी. तीनदा केलंय."

"लांबी?"

"ती बी." त्यांनी वही मिटली. "आता परत येतानाच बघायचं."

किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली, पावती घेतली आणि निपाणीची बस धरली.